एकोणीस मिनिटांची बॅटरी

"हिला पानी कुठून घालायचं?"

माझ्या लॅपटॉपची बॅटरी हातात घेऊन, उलटीपालटी करून, कानाशी हलवून आबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "आबा, हिला पाणी नसतं." त्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी बॅटरीला उपाशी मारून वर ते कबूलही करत होते.

"पानी न्हाई? मग ही जगती कशावर?"

आबा म्हणजे माझे दौंडचे घरमालक. कुरकुंभ मोरीच्या, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्याच्या, पलीकडं त्यांचं चार खोल्यांचं घर होतं, त्यातली माडीवरची एक खोली माझ्याकडं होती. आबांनी रेल्वेत छत्तीस वर्षं फिटरकी केली, ती ट्रेन लायटिंगच्या खात्यात. आपण डब्यात बसतो, डोक्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो. त्याची बॅटरी डब्याच्या पोटाखाली एका लोखंडी पेटीत असते. ती पेटी उघडायची, एकेका सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनल साफ करून त्याला व्हॅसलिन फासायचं, पेटी लावायची आणि पुढच्या डब्याखाली सरकायचं, हे आबांचं काम. रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. ॲसिडनं त्यांच्या सगळ्या खाकी पँटींना बारीक बारीक भोकं पडलेली, आणि त्याच पँटी ते घरात घालून फिरायचे. नवी पँट ट्रंकेत आराम करत असायची.

मी शिरूर तालुक्यातली, मांडवगणची. दौंडच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला आले होते. दोन हजार पाच-सहाचा तो काळ. लोडशेडिंगनं माणसांचा जीव नकोसा केलेला. लॅपटॉप तेव्हा साहेब लोकांकडं असायचा. माझ्याकडं आला तो मामाच्या कृपेनं. मामा कोरेगाव भीमाला एका कंपनीत होता. कंपनीनं जुने लॅपटॉप काढून टाकले, त्यातला एक त्यानं भाचीसाठी उचलला. वजनाला वरवंट्यासकट पाटा. बाकी मशीन ठणठणीत, फक्त बॅटरी एकोणीस मिनिटं चालायची. विसाव्या मिनिटाला पडदा काळा. कितीही गयावया करा, काळा म्हणजे काळा.

"एकोणीस मिन्टं?" आबा म्हणाले. "ही म्हातारी न्हाई झालेली, पोरी. हिला कुणी नीट वागवलेलीच न्हाई."

त्या दिवसापासून ती बॅटरी माझी राहिली नाही.

आबांचं म्हणणं साधं होतं. जगातल्या प्रत्येक वस्तूला आराम लागतो, आणि कुठलीच गोष्ट अर्धवट करायची नसते. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या की काहीच बिघडत नाही, असं ते छातीठोक सांगायचे. त्यांच्या घरात चपलांचे तीन जोड होते आणि तिन्हींचे वार ठरलेले. रेडिओला गुरुवारी सुट्टी. टॉर्चमधले सेल रोज सकाळी काढून पत्र्यावर उन्हात. एकदा माझे वडील मला भेटायला आले, तर आबा त्यांना म्हणाले, "पाव्हणं, त्या खुर्चीत नका बसू. ती कालच्याला लई दमलीय." वडील सतरंजीवर बसले आणि निघताना मला हळूच विचारून गेले, की माणूस बरा आहे ना.

मावशी, म्हणजे आबांची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, "समद्यांस्नी आराम हाय ह्या घरात. मला मातुर लगीन झाल्यापास्नं न्हाई."

"तुझी गोष्ट येगळी," आबा म्हणायचे. "तू डायरेक लायनीवर हायेस."

आणि अर्धवट न करण्याचं म्हणाल तर रागावणंसुद्धा ते अर्धवट सोडत नसत. एकदा मी न्हाणीतला दिवा तसाच ठेवून क्लासला पळाले. आबांनी फाटकापासून सुरुवात केली. पहिला मुद्दा ऐकता ऐकता मी कोपऱ्यावर पोचले आणि सुटले. संध्याकाळी सहाला परत आले तर आबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले. मला बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आन् दुसरी गोष्ट अशी..."

बॅटरीला हेच दोन नियम लागू झाले. वीज असेल तेव्हा बॅटरी काढून ठेवायची, माठाच्या शेजारी फडताळात, फडक्यात गुंडाळून. वापरायची ती पूर्ण संपेपर्यंत. भरायची ती पूर्ण भरेपर्यंत. मध्येच वायर लावलेली दिसली की खालून आवाज यायचा, "कोन तिला निम्म्या जेवनावरनं उठवतंय?"

आता हे सगळं लिथियमच्या बॅटरीला उलटं असतं. तिला पार रिकामी करणं म्हणजेच तिचं आयुष्य खाणं. मी एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं होतं. ते पान मी आबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी खालच्या जाहिरातीसकट, कारण अर्धवट वाचायचं नसतं. मग विचारलं, "हे लिवनारा कवा डब्याखाली गेलता का?"

"नसेल गेला."

"मग?"

त्या 'मग'पुढं मी कधी जिंकले नाही.

एका रविवारी मी मांडवगणहून परत आले तर लॅपटॉप बॅटरीवर चालूच होईना. बटण दाबते, काही नाही. बॅटरी काढून बघितली तर तिच्या पितळी पट्ट्यांवर बोटभर व्हॅसलिन. खाचेत व्हॅसलिन, लॅपटॉपच्या आत व्हॅसलिन. आबा मागं उभे, चेहऱ्यावर एखाद्या बाळाला न्हाऊ-माखू घातल्याचं समाधान. "गंज चढत न्हाई," म्हणाले. मी दोन तास कान कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून ते काढत बसले. बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, रात्रीचं जेवण चुकलं असतं.

पण खरं सांगते, काही उपाय लागू पडायचे. पट्ट्या खोडरबरनं घासायची युक्ती त्यांचीच. सीडी आत ठेवू नको, ती उगाच गरगर फिरते, हेही त्यांनी नुसतं लॅपटॉपच्या पोटाला कान लावून ओळखलं. आणि ब्राइटनेस. "दिवा ज्यास्त म्हंजी करंट ज्यास्त," म्हणून त्यांनी मला पडद्याचा उजेड पार तळाला न्यायला लावला. त्यानं बॅटरी टिकायची, यात शंका नाही. फक्त पडद्यावर काय आहे ते दिसायचं नाही. त्यावर आबांनी तोडगा काढला. सोलापुरी चादर. मी लॅपटॉपसकट चादरीच्या आत. एप्रिल महिना, दौंडचं ऊन, पंखा बंद, आणि आत मी घामानं निथळत टाइप करतेय. पोस्टमन आला की मावशी म्हणायची, "वाफ घेतीय." महिन्याभरात आळीतल्या तीन बायांनी मला निलगिरीचं तेल आणून दिलं.

चादरीखाली मी लिहीत होते एक प्रोग्रॅम. दूध डेअरीसाठी. गवळी आला, त्याचा नंबर टाकला, लिटर टाकले, फॅट टाकली, की सगळा हिशोब आपोआप आणि हातात पावती. आज असली सॉफ्टवेअरं गल्लोगल्ली आहेत, पण तेव्हा आमच्याकडच्या डेअरीत अजून लांबलचक वह्या आणि कार्बन पेपर चालायचे. वरवंडजवळच्या एका डेअरीच्या सेक्रेटरीला मी गळ घातली होती. त्यांनी सांगितलं, सोमवारी बारा वाजता संचालक मंडळाची बैठक आहे, येऊन दाखव, पसंत पडलं तर ठेवून घेऊ. सॉफ्टवेअरही आणि ते चालवायला मलाही.

आणि माझं सगळं त्या सोमवारावर येऊन ठेपलं होतं. आमचा क्लास महिनाअखेर बंद होणार होता. दुसरं काम नाही मिळालं तर बोऱ्याबिस्तर गुंडाळून मांडवगणला परत, असं वडिलांशी ठरलेलं. चुलत्यांनी तर दोन स्थळंही बघून ठेवली होती. मला मांडवगण आवडत नाही असं नाही. पण तिथं गेल्यावर मी पुन्हा कधी स्वतःच्या हातानं काही करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हे आबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बैठकीत लाईट असती का?"

"सोमवारी दुपारी तिकडं लोडशेडिंग असतं."

"किती वेळ लागंल तुला दावायला?"

"पंधरा मिनिटं."

"एकोनीस हायेत," आबा म्हणाले. "भागंल."

आता आबांच्या भिंतीबद्दल सांगायला पाहिजे. लोडशेडिंगचं वेळापत्रक वीजबोर्डाकडून यायचं, लोक ते पेपरातून कापून ठेवायचे. आबांनी ते ओसरीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून घेतलं होतं, स्टेशनवर गाड्यांचं असतं तसं. पिवळी जमीन, काळी अक्षरं, वार, जायची वेळ, यायची वेळ. बोर्डानं मध्ये वेळा बदलल्या तरी आबांची भिंत बदलायची नाही. वीज दहा ऐवजी साडेदहाला गेली की ते भिंतीकडं बघून म्हणायचे, "अर्धा तास लेट हाय." त्यांच्या लेखी भिंत बरोबर होती आणि वीज चुकत होती.

त्या सोमवारी मी साडेसहाला न्हाणीत गेले. बॅटरी आदल्या दिवशीची पूर्ण भरलेली. मी केस पुसत ओसरीत आले तर आबा पाटावर लॅपटॉप ठेवून, हातात घड्याळ घेऊन बसलेले. पडदा काळा.

"बरोब्बर एकोनीस मिन्टं चालली," ते खुशीत म्हणाले.

"चालली म्हणजे? आबा, तुम्ही संपवली?"

"पुरी संपवली. कालची शिळी व्हती. आता ताजी भरू, दोन तासात फुल. तुला आज ताजी नको व्हय?" आणि त्यांनी वायर भिंतीला लावली.

त्याच क्षणी वरचा पंखा हळूहळू थांबला.

मी पंख्याकडं बघितलं. आबांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर सोमवारच्या पुढं बारा वाजताची वेळ होती. शेजारच्या ओसरीतून आवाज आला, "आजपास्नं नवं टायमिंग हाय की! सात ते एक!"

मग मी जे बोलले ते आजही आठवलं की लाज वाटते. ओरडलेच मी. "तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता? ही काय तुमची डब्याखालची बॅटरी आहे? रेल्वेनं तुम्हाला घरी बसवलं ते बरंच केलं!" मावशी चुलीपाशी होती, तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. पहिला मुद्दा नाही, दुसरा नाही. आबा उठले, ट्रंक उघडली, ती आराम करणारी नवी पँट काढून घातली आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"ठेसनावर. रेल्वेची लाईट जात न्हाई."

रस्त्यानं दर दहा पावलांवर कुणीतरी "जय भीम, आबा" म्हणायचं आणि आबा लॅपटॉपची पिशवी धरलेला हात तसाच वर करून "जय भीम" म्हणत झपझप चालायचे. आधी आम्ही त्यांच्या जुन्या सेक्शनला गेलो. दारावर एक तरुण फिटर होता. आबांनी स्वतःचं नाव सांगितलं, खात्यातली वर्षं सांगितली. तो पोरगा वाईट नव्हता. एवढंच म्हणाला, "काका, बाहेरच्या माणसाला आत सोडता येत न्हाई. साहेब वरडत्यात." आबांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले. "म्या बी सोडला नसता." पण 'बाहेरच्या माणसाला' हे शब्द त्यांना लागले, ते मला त्यांच्या चालण्यातून कळलं. सकाळी मी जे बोलले होते त्याच्यावर हा दुसरा घाव.

फलाटावर पुण्याकडं जाणारी पॅसेंजर लागली तेव्हा दहा वाजत आले होते. आबा खाली वाकून एकेका डब्याच्या पोटाखाली बघत चालले, आणि सहाव्या डब्यापाशी म्हणाले, "ह्यात चढ. ह्याची पेटी बरी दिसतीय."

तेव्हा डब्यांमध्ये मोबाईल चार्ज करायचे पॉइंट नुकते आले होते. डब्यातली वीज घरातल्यासारखी नसते, एकशे दहा व्होल्टची डीसी. मी घाबरले, चार्जर जळेल म्हणून. आबांनी चार्जरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, "शंभर ते दोनशे चाळीस. एकशे दहा त्यात बसतंय. आमचं इंजिनेर साहेब दाढीचं मशीन असंच डब्याच्या लायनीवर लावायचं." पॉइंटच्या वर पाटी होती, फक्त मोबाईलसाठी. छत्तीस वर्षांत रेल्वेचा एकही नियम न मोडलेल्या माणसानं त्या पाटीकडं पाठ केली आणि वायर लावली. लॅपटॉपचा लाल दिवा लागला. मला हसू का रडू असं झालं.

रस्त्यानं पाटसवरून वरवंड अर्ध्या तासाचं. पण आम्ही केडगावपर्यंत गाडीनं जाऊन चौफुल्यामार्गे मागं यायचं ठरवलं, तेवढंच जास्त चार्जिंग. गाडी सुटली, पाटसला पोचली आणि तिथं तिला बाजूला घातली, मागून एक्स्प्रेस जायची होती. आबा ताडकन उठले.

"पंखे बंद करा!"

डब्यात शंभर माणसं. ऊन मी म्हणत होतं.

"गाडी उभी हाय तवर बॅटरी भरत न्हाई, नुसती उपसती! पंखे बंद!" आणि ते स्वतःच एकेक बटण दाबत निघाले. एक परप्रांतीय कामगार चिडला, "चाचा, इतनी गर्मी में पंखा काय को बंद?"

"बॅटरी का लोड कम करने का है, बेटा."

"किसकी बॅटरी?"

"दोनों की," आबा म्हणाले, आणि मग माझ्याकडं हात करून मोठ्यांदा, "ह्या पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मांडीवरल्या यंत्राकडं, मग त्याला लागलेल्या वायरीकडं. पंचवीस मिनिटं एकानंही पंखा लावला नाही. शेजारची बाई पदरानं वारा घालत होती, स्वतःला नव्हे, मला. केडगावला उतरताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "व्हईल बाई समदं नीट. दवापानी टायमावर घे." मी काय सांगणार? हो म्हटलं.

डेअरीवर पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते, आणि तिथली लाईट गेलेलीच. गोदामाला लागून लांबट खोली, एका कोपऱ्यात एक खिडकी, म्हणून दुपारीही आत अंधारच. अकरा संचालक, बहुतेक बागायतदार, पांढरे कपडे. चेअरमन मधोमध. बॅटरी किती भरली होती देव जाणे. पडद्यावरचा आकडा कधीच खरं बोलत नसे. आबांनी कानात सांगितलं, "उजेड पुरा कर. आज मानसांस्नी दिसू दे." मी लॅपटॉप उघडला आणि चेअरमन उठून उभे राहिले. आधी एका जुन्या कर्मचाऱ्याचा सत्कार होता. शाल, नारळ, आणि मग चेअरमनना बोलायचा उमाळा आला. मी लॅपटॉप बंद करायला गेले तर आबांनी माझा हात धरला. बंद करून पुन्हा चालू करण्यात जास्त करंट जातो, असं त्यांचं मत. चेअरमन बोलतायत, बॅटरी चाललीय, आणि मी कपाळाचा घाम पुसतेय.

शेवटी माझी पाळी आली. दाखवायला लागले. एका संचालकांनी विचारलं, म्हशीचं आणि गाईचं वेगळं दिसंल का. मी म्हटलं, हे बघा. नंबर टाकला, लिटर टाकले, फॅट टाकली, आता फक्त पावती यायची होती.

पडदा काळा.

मग चेअरमन म्हणाले, "झालं का?"

मी नुसती बटण दाबत राहिले. डोळ्यांसमोर मांडवगणची एसटी दिसत होती. तेवढ्यात शेजारी आबा उभे राहिले. नवी पँट, हात जोडलेले.

"साहेब, पोरीचं काम चांगलं हाय. म्या सहा म्हयने बघतोय. उन्हाळ्यात चादर घेऊन बसली ही. आज बॅटरी भरल्याली व्हती, ती सकाळी म्या संपवली. ती सांगत व्हती, असं करू नका. मासिक दावलं. म्या ऐकलं न्हाई. मला वाटलं मला कळतंय." त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. "मला न्हाई कळत ह्यातलं. तुमी तिला नका बोलू. जे बोलायचं ते मला बोला."

मी आबांना सहा महिन्यांत पहिल्यांदा 'मला कळत नाही' म्हणताना ऐकलं. भर बैठकीत, अकरा अनोळखी माणसांपुढं. मला तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

चेअरमननी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "आगं पोरी, मग जनरेटर लावा म्हनायचं न्हाई का?"

"जनरेटर?"

"मागं हाय की. हजारो लिटर दूध थंड ठेवतो आमी. ते काय फुकर मारून?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं. सकाळपासूनची सगळी पायपीट, पॅसेंजर, तो घामाघूम झालेला डबा, सगळं आम्हा दोघांच्या एकदम ध्यानात आलं. एक साधा प्रश्न मी सेक्रेटरीला विचारला असता तर! अकरा संचालक हसायला लागले, मीही हसले, आणि ऑपरेटर जनरेटर लावायला पळाला.

तो पाच मिनिटांत परत आला. "साहेब, सेल्फ घेईना. बॅटरी बसलीय."

आबा त्याच्याकडं वळले. "कसली बॅटरी?"

"ती मोठी. ट्रकला असती तसली."

"कुठाय?"

मागच्या शेडमध्ये आबा तिच्यापुढं उकिडवे बसले, नवी पँट विसरून. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला, आत सेल कोरडे ठाक. त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत अंगार. "साहेब, म्हशीला पानी दावल्याबिगर दूध काढता का?" चेअरमन म्हणाले, न्हाई. "मग हिला कवा दावलं?" चेअरमन इकडं तिकडं बघायला लागले. आणि मग पहिला मुद्दा सुरू झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. बोलता बोलता हात चालू. एका संचालकाला गरम पाणी आणायला लावलं, एकाला पाना. दुधाची फॅट तपासायच्या खोलीत डिस्टिल्ड वॉटर होतं, त्याची बाटली स्वतः चेअरमननी धरली आणि सांगतील तशी थेंब थेंब ओतली. बाहेरच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडीला लावली. दोघा-तिघांची जेवायची वेळ टळत होती, पण कुणाची उठायची हिंमत नव्हती. पाऊण तासानं आबा म्हणाले, "आता मार."

जनरेटर धडधडला. मी आत पळाले. ट्यूब फडफडल्या आणि सगळी खोली उजळली. थोड्या वेळानं आबा हात पुसत दारात येऊन उभे राहिले, ते तिथंच उभे राहिले. त्यांना या म्हटलं तरी आले नाहीत. मी दीड तास दाखवत होते. म्हशीचं, गाईचं, पावती, महिन्याचा तक्ता, सगळं. पुढच्या महिन्यापासून कामाला ये, असं चेअरमननी सांगितलं तेव्हा अडीच वाजून गेले होते.

परतीच्या वडापच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर होतो. आबा नव्या पँटीवरचे डाग चोळत बसलेले. मला वाटलं, सकाळचं मनात धरून बसलेत. म्हटलं, "आबा, सकाळी मी फार वाईट बोलले. माझं चुकलं."

त्यांनी हात हलवला, ते कधीच विसरल्यासारखा. मग पाटस मागं पडल्यावर म्हणाले, "लाईट आली तवा बघितलंस का?"

"काय?"

"समदी वर बघून हसली. चेअरमन बी. येवढा थोरला मानूस, पोरागत हसला." त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "डब्यातली मानसं बी हसत्यात का गं अशी? दिवं लागल्यावर?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

"न्हाई, मी छत्तीस वर्षं खालीच व्हतो ना," आबा म्हणाले. "कवा गाडीत बसलो तरी ध्यान पेटीकडंच. वर काय व्हतंय ते कुनी सांगितलंच न्हाई."

"हसतात, आबा," मी म्हणाले. "रोज हसतात. सगळी हसतात."

त्यांनी मान डोलावली आणि दौंड येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी मात्र सगळ्या वडापसमोर रडून घेतलं.